‘लेक मंगो’ : बोट दाखवतात तिथे भूत नसतं

कोकणातली भुताची गोष्ट ‘एकदा काय झालं’ अशी कधी सुरू होत नाही. ती सुरू होते पत्त्याने. कुठली वाडी, कुठलं वळण, शेवटची एसटी चुकली होती का, अवस होती की शिमग्याच्या आदली रात्र. मग साक्षीदार येतो. तो सांगणाऱ्याचा चुलता असतो, नाहीतर तिठ्यावरचा रिक्षावाला, आणि त्याच्यामागोमाग ‘अजून हयात आहे तो, जाऊन विचार’ ही पुस्ती. भूत अगदी शेवटी येतं. कधी तर येतही नाही, नुसती मागून कुणीतरी नावाने हाक मारलेली असते. तरी ऐकणारा घाबरतो, कारण तोवर वळण, एसटी आणि चुलता या तिन्हींवर त्याचा विश्वास बसलेला असतो आणि चौथ्या गोष्टीवर न बसवायला काही कारण उरलेलं नसतं.

जोएल अँडरसन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा २००८ सालचा ‘लेक मंगो’ हा सिनेमा असाच सांगितलेला आहे. जेमतेम दीड तासाचा, माहितीपटाच्या रूपातला, पण पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत रचलेला. त्यात किंकाळ्या नाहीत, रक्त नाही. आमच्याकडे मे महिन्यात किंवा गणपतीत मुंबईची पोरं गावी आली की रात्री पडवीत लॅपटॉप लावून भुताचे सिनेमे बघणं चालतं. या सिनेमाबद्दल तिथे दोन तक्रारी हमखास येतात. एक, ‘यात काही घडतच नाही’. दुसरी, ‘शेवट कळला नाही’. दोन्हींचं उत्तर एकच आहे आणि ते नीट उलगडून सांगण्यासारखं आहे. त्यासाठी पुढे सगळी कथा शेवटासकट सांगतो आहे. ज्यांना सिनेमा कोऱ्या मनाने बघायचा असेल त्यांनी इथेच थांबून आधी तो बघून यावा.

‘हा सिनेमा भुताचा नाहीच, दुःखाचा आहे’ असं म्हणायची एक पद्धत आहे. मला ते पटत नाही. भूत आहे आणि ते खरं आहे. ते घरच्यांना दिसत नाही, आणि का दिसत नाही याचं कारण त्यांच्या दुःखातच आहे. हे दोन धागे सुटे केले की सिनेमा हातातून जातो.

कथा अशी. व्हिक्टोरिया राज्यात अरारात नावाचं गाव आहे. तिथलं पाल्मर कुटुंब म्हणजे आई जून, वडील रसेल, मुलगा मॅथ्यू आणि १६ वर्षांची ॲलिस. सगळे धरणावर पोहायला गेलेले असताना ॲलिस बुडते. शोधाशोध होते, पाणबुडे उतरतात, मृतदेह मिळतो. ओळख पटवायला वडील पुढे होतात, आईला बघवत नाही. काही दिवसांनी घरात आवाज येऊ लागतात. मॅथ्यूला फोटोग्राफीचा नाद. तो घरात व्हिडिओ कॅमेरे लावतो आणि त्यांत ॲलिससारखी अंधुक आकृती दिसायला लागते. आईच्या मनात येतं, ती गेलीच नसेल तर? मृतदेह उकरून डीएनए तपासणी होते. ती ॲलिसच असते.

मग रे केमेनी नावाचा गृहस्थ येतो, रेडिओवर अतींद्रिय सल्ला देणारा. आणि त्यानंतर एक एक करून सगळ्या गोष्टी उलट्या होऊ लागतात. मॅथ्यूने दाखवलेलं भूत खोटं निघतं. धरणावर दुसऱ्या कुणीतरी योगायोगाने केलेल्या चित्रणात ‘ॲलिस’ म्हणून दिसलेली व्यक्ती मॅथ्यूच असल्याचं उघड होतं आणि तो कबूल करतो. पण त्याच्याच एका बनावट व्हिडिओच्या कोपऱ्यात आईला एक खरी गोष्ट सापडते. ॲलिसच्या खोलीत, अंधारात, शेजारचा ब्रेट टूही वाकून काहीतरी शोधतो आहे. ॲलिस त्यांच्या मुलांना सांभाळायला जायची. तो शोधत असलेली टेप पुढे आईला मिळते. त्या नवराबायकोने या मुलीचं लैंगिक शोषण केलेलं असतं आणि ते चित्रित झालेलं असतं. घरात कुणालाही पत्ता नव्हता. त्यानंतर कळतं की रे केमेनीही ॲलिसला तिच्या मृत्यूच्या काही महिने आधी भेटला होता. ती स्वतःहून त्याच्याकडे गेली होती आणि त्याने हे तिच्या आईबापांपासून लपवून ठेवलं.

शेवटचा दुवा म्हणजे मंगो तळं. शाळेच्या सहलीत ॲलिस तिथे गेली होती आणि रात्री एका झाडाखाली तिने काहीतरी पुरलं होतं. घरचे जाऊन उकरतात. तिच्या वस्तूंबरोबर तिचा मोबाइल निघतो. त्यात एक क्लिप आहे. ॲलिस अंधारात चालते आहे. समोर, लांबवर, एक फिकट ठिपका. तो जवळ येतो. आकृती होते. चेहरा होतो. पाण्यात राहून सुजलेला, पांढुरका चेहरा, तिचा स्वतःचाच. म्हणजे आपण कशा मरणार हे तिने मरणाच्या काही महिने आधी पाहिलं होतं, आणि कुणालाही न सांगता मातीत पुरून टाकलं होतं.

‘काही घडतच नाही’ म्हणणाऱ्यांनी ही क्लिप पुन्हा बघावी. मोबाइलच्या जुन्या कॅमेऱ्याची ती फाटकी, ठिपकेदार चौकट आहे. आकृती किती वेळ नुसती ‘काहीतरी’ असते आणि कुठल्या क्षणी ‘कुणीतरी’ होते, ते नेमकं सांगता येत नाही. संगीताचा दणका देऊन दिग्दर्शकाने तो क्षण आपल्या हातात आयता दिलेला नाही. आपला आपल्यालाच तो ओळखावा लागतो.

आता रूपाबद्दल. हातात कॅमेरा घेऊन पळणाऱ्या माणसांचे भयपट वेगळे आणि हा वेगळा. तिथे कॅमेरावाला स्वतः धोक्यात असतो आणि पुढे काय होणार ही भीती असते. माहितीपटाच्या रूपात मात्र सगळं होऊन गेलेलं असतं. माणसं सोफ्यावर बसून, सावकाश, भूतकाळात बोलतात. मुलगी मेलेली आहे हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं. मग घाबरायचं कशाला? तर आपल्या नाकासमोर काय काय घडत होतं, या प्रश्नाला. अँडरसनने यासाठी दोन चांगले निर्णय घेतले. प्रेक्षकांच्या ओळखीचे नसलेले कलाकार निवडले, आणि त्यांना प्रसंगांचा आराखडा देऊन बोलणं त्यांच्यावर सोडलं. रोझी ट्रेनरने केलेली जून बघा. ती वाक्य अर्ध्यात सोडते, दुसऱ्याच बारीक गोष्टीकडे वळते, मध्येच हसते. आपल्याकडे बाराव्याला भेटायला गेल्यावर घरातली बाई अशीच बोलते. मरणाचं सांगता सांगता ‘तुम्ही चहा घेतलात ना’ विचारते. लिहून दिलेल्या संवादात हे सहसा साधत नाही.

या सिनेमात सगळ्या गोष्टींना पुरावा आहे. फोटो आहेत, टेप आहेत, डीएनए आहे, मोबाइल आहे. तरी एकही पुरावा सरळ नाही. त्यासाठी रात्रीचं चित्रण कसं होतं हे जरा समजून घ्यायला हवं, आणि कोकणात आता त्याची उदाहरणं घरोघरी आहेत.

गावची घरं वर्षातले दहा महिने बंद. मुलगा डोंबिवलीला, नाहीतर विरारला. मग पडवीच्या वाशाला एक कॅमेरा बसतो, आणि रात्री दोन वाजता मोबाइलवर संदेश येतो की हालचाल आढळली. उघडून बघावं तर अंगणातून पांढरा गोळा तरंगत जातोय, किंवा खांबाशी काहीतरी लांबट हलतंय. सकाळपर्यंत ती क्लिप वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘राखणदार’ म्हणून फिरते. होतं असं की अंधार पडला की हा कॅमेरा अवरक्त दिवे लावतो. ते भिंगाच्या भोवतीच असतात आणि त्यांचा उजेड आपल्या डोळ्यांना जाणवत नाही. भिंगाच्या अगदी जवळून पाखरू, धुळीचा कण किंवा पावसाचा थेंब गेला की तो उजेड त्यावरून परततो. वस्तू इतकी जवळ असते की फोकसमध्ये येतच नाही, म्हणून चिमुकला कण ताटलीएवढा झळाळता गोळा दिसतो. पाखरं आली की त्यांच्यामागे कोळी येतो. त्याचा भिंगावरचा एक धागा अख्ख्या पडवीभर डोलणाऱ्या आकृतीसारखा दिसतो. शिवाय डेटा वाचवायला कॅमेरा प्रत्येक चित्र नव्याने साठवत नाही. स्थिर भाग तसाच ठेवतो आणि बदललेले चौकोन तेवढे भरतो. मंद उजेडात मांजर हळू चालली तरी तिच्यामागे फरफटलेली सावली राहते.

उरलेलं काम मेंदू करतो. अर्धवट ठिपक्यांत चेहरा शोधायची आपल्याला जन्मजात सवय आहे. १९७६ मध्ये व्हायकिंग १ या यानाने मंगळावरच्या एका टेकडीचा फोटो पाठवला. त्यात ऊनसावलीने मानवी चेहरा उमटलेला जगभर लोकांनी पाहिला. २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने त्याच जागेचा जास्त स्पष्ट फोटो काढला, तेव्हा ती झिजलेली साधी टेकडी निघाली. परक्या ग्रहावर जर चेहरा दिसतो, तर आपल्याच घरच्या अंधारात, माणूस जाऊन महिना झालेला असताना काय होईल? तेव्हा नजर कुठलाही चेहरा शोधत नसते. एकच चेहरा शोधत असते.

या कमजोरीचा धंदा फार जुना आहे. अमेरिकेत १८६० च्या दशकात विल्यम ममलर हा छायाचित्रकार फोटोत मागे मृत नातेवाइकाची पुसट आकृती उमटवून द्यायचा. यादवी युद्धाचा काळ, घरोघरी मेलेली तरणी मुलं. लोक पैसे मोजून रांगेत उभे राहिले. १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला आणि पुराव्याअभावी तो सुटला. पुढे अब्राहम लिंकन यांच्या पत्नी मेरी लिंकन यांनीही त्याच्याकडून फोटो काढून घेतला. त्यात खांद्यांवर हात ठेवून लिंकन उभे दिसतात. त्या बाईने नवरा आणि मुलगे गमावले होते. तिला तो फोटो खोटा वाटला नाही यात नवल काही नाही.

मॅथ्यू हा ममलर नव्हे. त्याला पैसा नको, नाव नको. घर गोठलेलं आहे. बाप काही दिवसांतच कामावर परत गेला, आई रात्रीची बाहेर पडून रस्त्याने फिरते, लोकांच्या घरांत शिरून उभी राहते. यातल्या कुणाशीही त्याला बोलता येत नाही. म्हणून तो बहिणीला परत आणतो, जमेल तसं. मला हा सिनेमातला सर्वांत कणवेचा भाग वाटतो. दिग्दर्शक त्याला गुन्हेगार करत नाही. पण त्या खोटेपणाची एक किंमत आहे, आणि ती शेवटी कळते.

एक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. ॲलिसचा देह सापडल्यानंतर आईवडील गाडीने घरी निघतात आणि गाडी बिघडते. पुढचे गिअर पडत नाहीत, फक्त रिव्हर्स चालतो. ते तसेच, उलटे, मागे मान वळवून घरापर्यंत येतात. बाप हे सांगतो तेव्हा त्यात कुठलाही अर्थ भरत नाही. गाडीचं काय झालं तेवढं सांगतो. दुःखाच्या काळातली आठवण खरोखर अशीच असते. मुख्य गोष्ट धूसर होते आणि बाजूची एखादी बिनमहत्त्वाची अडचण, बिघडलेली गाडी, न मिळालेली ॲम्ब्युलन्स, कोरडी पडलेली विहीर, ती जन्मभर स्वच्छ राहते.

दुःखाच्या शास्त्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या सिनेमावर लिहिताना ‘दुःखाच्या पाच पायऱ्या’ हमखास काढल्या जातात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. नकार, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार असं जिन्यासारखं चढून कुणी दुःखातून बाहेर येत नाही. पाल्मर कुटुंबाला लागू पडणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, गेलेलं माणूस जाणवणं. डब्ल्यू. डी. रीस या वेल्समधल्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखतींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना गेलेला जोडीदार जाणवला होता. कुणाला नुसतं असणं, कुणाला दिसणं, कुणाला आवाज. बहुतेकांनी ते कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. ही माणसं वेडी नव्हती, आजारी नव्हती. आपल्याकडे हे बोललं जातं. ‘पहाटे ह्यांच्या विडीचा वास आला गो’ असं आजी सहज सांगून जाते आणि कुणी तिला डॉक्टरकडे नेत नाही. ॲलिसच्या घरातल्या सुरुवातीच्या आवाजांना घाबरायचं कारण नाही. ते प्रेमाचेच आवाज असू शकतात.

दुसरी गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाला जास्त कळेल. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर काम करत होत्या. त्यांनी एका वेगळ्या दुःखाकडे लक्ष वेधलं, ज्यात माणूस गेला की नाही हेच नक्की होत नाही. होडी परत येते आणि त्यातला एक माणूस येत नाही, देह मिळत नाही. अशा घरातली बाई वर्षानुवर्षं कडी वाजली की उठते. आपल्या शास्त्रकारांनाही ही अडचण माहीत होती. देह न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा पालाशविधी त्यासाठीच आहे. जळताना दिसेल असं काहीतरी हवं. जूनकडे तर देह होता, पण तिने तो पाहिला नाही. न पाहिल्याची ती एवढीशी फट, आणि त्या फटीतून पुढचा सगळा सिनेमा आत येतो. मॅथ्यूच्या बनावट फोटोंना विश्वास ठेवणारे डोळे तिथेच मिळाले.

आता शेवट. तो समजावायला मला दहाव्याच्या कावळ्यापेक्षा चांगली गोष्ट सापडत नाही.

कोकणात दहाव्याचे विधी बहुधा व्हाळावर नाहीतर खाडीकाठी होतात. भाताचे पिंड मांडून होतात, भटजी सांगतात की आता मागे सरा. सगळे मागे सरतात. कावळे आंब्यावर बसलेले असतात, पण उतरत नाहीत. मग गप्प बसलेल्या माणसांतून एक जण पुढे होतो. ‘पोरांची काळजी करू नको, आमी आसव.’ कावळा येत नाही. दुसरा म्हणतो, वाटपाचं काय ते नीट करू, भांडणार नाही. येत नाही. कुणीतरी हळूच म्हणतं, तिच्या सोन्याचं बोला. कुणी म्हणतं, धाकट्याचं लग्न. त्या अर्ध्या तासात घराची सगळी दडपलेली पानं चारचौघांत उलटली जातात. कावळ्यात काही असो नसो, त्या विधीत एक फार शहाणी गोष्ट गृहीत धरलेली आहे. गेलेल्या माणसाच्या मनात असं काहीतरी होतं जे आपल्याला माहीत नाही, आणि ते आपण विचारायचं आहे.

पाल्मरांना हा प्रश्न पडतो, पण ते तो ॲलिसला विचारत नाहीत. एकमेकांना विचारतात, कॅमेऱ्याला विचारतात, रे केमेनीला विचारतात. आणि मंगो तळ्याची क्लिप मिळाल्यावर त्यांना वाटतं, हेच होतं. तिला आपलं मरण आधीच कळलं होतं, ते आपल्याला सांगायचं होतं, आता आपल्याला कळलं, ती सुटली. घर शांत होतं. आवाज थांबतात. ते घर सोडून दुसरीकडे जायचं ठरवतात.

आणि इथे दिग्दर्शक दोन चित्रणं शेजारी ठेवतो. एक, रे केमेनीपुढे संमोहनात बसलेली जून. ती कल्पनेने घरात शिरते, ॲलिसच्या खोलीत जाते. खोलीत कुणी नाही, असं ती सांगते. दुसरं, कित्येक महिन्यांपूर्वीचं, त्याच माणसापुढे बसलेली जिवंत ॲलिस. ती सांगते की आई माझ्या खोलीत आली आहे. आईला मी दिसत नाही. आई निघून गेली. दोन टेप, दोन काळ, पण प्रसंग एकच. आई रिकामी खोली बघून समाधानाने बाहेर पडते आणि मुलगी तिथेच उभी आहे.

मग घर सोडतानाचा कुटुंबाचा फोटो येतो. मागच्या खिडकीत ॲलिसची आकृती. आणि श्रेयनामावली सुरू झाल्यावर आपण आधी पाहिलेली चित्रं पुन्हा येतात. मॅथ्यूने जिथे खोटी ॲलिस लावली होती, सगळे जिथे बोट दाखवत होते, तिथे नाही. त्याच चौकटीत दुसऱ्या बाजूला, अंधारात, कुणी न बघितलेल्या कोपऱ्यात खरी ॲलिस आहे. सुरुवातीपासून होती.

कावळा शिवला नाही तर आपल्याकडे दर्भाचा कावळा करतात आणि तो पिंडाला लावून विधी पुरा करतात. लोकांना जेवायचं असतं, घरी जायचं असतं, जगायचं असतं. त्यात वाईट काही नाही. ‘लेक मंगो’चा शेवट म्हणजे हा दर्भाचा कावळा. पाल्मरांना मिळालेली शांतता खरी आहे, पण ती त्यांची आहे, ॲलिसची नाही. तिला काय हवं होतं ते कुणी ऐकलेलंच नाही.

या भुताला काय हवं आहे हेही बघण्यासारखं आहे. आपल्या भुतांना कामं असतात, मागण्या असतात. देवचाराला त्याचा मान हवा, मुंजाला त्याचा पिंपळ हवा. पाण्यात गेलेल्याचा गिऱ्हा होतो आणि तो दुसऱ्याला खोल पाण्यात ओढतो असं म्हणतात. ॲलिसही पाण्यातच गेली, पण ती कुणालाही ओढत नाही, काही मागत नाही. ती कोपऱ्यात उभी राहते. जिवंतपणी शेजारच्यांनी तिच्यावर काय केलं हे घरात दिसलं नाही, ती घाबरून परक्या माणसाकडे गेली ते दिसलं नाही, आणि मेल्यावरही ती दिसत नाही. सगळ्या कॅमेऱ्यांनी तिला टिपलं आणि एकाही माणसाने पाहिलं नाही. मॅथ्यूच्या खोटेपणाची किंमत ती ही. त्याने बोट दाखवलं आणि सगळ्यांनी बोटाच्या दिशेने बघितलं. आपणही.

हेच त्या रूपाचं कारण. माहितीपट आपल्याला काय बघायचं ते सांगतो. चित्र थांबवतो, एक भाग मोठा करतो, वर निवेदकाचा शांत आवाज असतो. मोठा केलेला भाग पडदा भरून टाकतो आणि बाकीची चौकट आपोआप कापली जाते. आपण शहाण्या प्रेक्षकासारखे त्या मोठ्या केलेल्या ठिपक्यात ‘भूत आहे की नाही’ यावर वाद घालत बसतो. कापलेल्या भागात कोण होतं हे श्रेयनामावलीपर्यंत कळत नाही. कुठल्याही कथनात्मक सिनेमाला ही चूक प्रेक्षकाकडून इतक्या सहज करवून घेता आली नसती.

तळ्याच्या जागेबद्दल सिनेमा फारसं बोलत नाही, पण ठाऊक असलेलं बरं. मंगो हे न्यू साउथ वेल्स राज्यातलं हजारो वर्षांपासून कोरडं पडलेलं तळं आहे. त्याच्या काठी वाऱ्याने रचलेले वाळू-मातीचे उंच बांध आहेत, आणि तो सारा विलँड्रा तळ्यांचा प्रदेश १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. १९६८ मध्ये तिथे एका स्त्रीचे दहन केलेले अवशेष सापडले आणि १९७४ मध्ये एका पुरुषाचा सांगाडा. दोन्ही सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीचे. माणसाने विधिपूर्वक दहन केल्याच्या सर्वांत जुन्या ज्ञात खुणांपैकी ती एक आहे. संशोधनासाठी नेलेली ही माणसं तिथल्या मूळ रहिवाशांनी अनेक वर्षं मागणी केल्यावर परत आली, स्त्री १९९२ मध्ये आणि पुरुष २०१७ मध्ये. आपले पूर्वज आपल्या जमिनीत परत यावेत यासाठी लोक भांडत होते. ॲलिसने तिच्या गोष्टी पुरायला हीच जागा का निवडली याचं उत्तर सिनेमा देत नाही, आणि मला वाटतं, ते न देणं योग्य आहे.

बघणार असाल तर काही सूचना. मोबाइलवर बघू नका. इथे सगळा खेळ अंधाऱ्या कोपऱ्यांचा आहे आणि लहान पडद्यावर ते नुसते काळे दिसतील. खोलीतला दिवा बंद करा, पण आवाज फार वाढवायची गरज नाही. उच्चार ऑस्ट्रेलियन आहेत, सबटायटल्स लावा. नावं यायला लागली की उठू नका. शेवटचा फोटो बघून बंद करणाऱ्यांनी सिनेमा अर्धाच बघितलेला असतो. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा जूनच्या आणि ॲलिसच्या संमोहनाचे तुकडे आधीपासून लक्षात ठेवा. ते सिनेमाभर विखुरलेले आहेत आणि पहिल्या वेळी साधी मुलाखत समजून निसटून जातात.

लहान मुलांना सोबत घेऊ नका. भुतामुळे नव्हे, टूहीच्या टेपमुळे. मोठ्या मुलींबरोबर बघत असाल तर मात्र त्या भागावर नंतर बोला, कारण तो अशा घरात घडतो जिथे आईबाप चांगले आहेत, शेजार ओळखीचा आहे आणि मुलगी रोज वेळेवर घरी येते. आणि ज्या घरात या वर्षात कुणी गेलं आहे, विशेषतः पाण्यात, त्यांनी हा सिनेमा सध्या राहू द्यावा. तो चांगला आहे म्हणूनच.